पाच तारांचा बँजो आणि टॉमी जॅरेल : आठ महिन्यांनंतर

आधी एक गैरसमज काढून टाकते, कारण चिपळूणच्या मामापासून सगळ्यांचा तोच होतो. हा आपल्या मिरवणुकीतला बँजो नाही. आपण बँजो म्हणतो ते टाइपरायटरसारखी बटणं असलेलं वाद्य मूळचं जपानी. ‘ताइशोगोतो’ नावानं ते १९१२ च्या सुमारास नागोयात निघालं, आपल्याकडे बुलबुलतरंग झालं आणि मग कोकणात-मुंबईत बँजो पार्टीत जाऊन बसलं. मामा तरुणपणी अशाच एका पार्टीत होता. व्हिडिओ कॉलवर त्याला माझं वाद्य दाखवलं तर म्हणाला, “अगं, ह्याला बटणं कुठायत? हा तर डफाला दांडा लावलाय!”

वर्णन अगदी बरोबर आहे. अकरा इंची गोल कडं, त्यावर ताणलेला प्लॅस्टिकचा पडदा, लांब दांडा, चार तारा, आणि पाचवी आखूड तार दांड्याच्या मध्यावरच्या खुंटीला. ही पाचवी तार म्हणजे चिकारी समजा. अंगठ्यानं मधूनमधून छेडायची, सूर बदलत नाही. मागची बाजू उघडी असते. नॉर्थ कॅरोलायनात केरीला आम्ही राहतो, तिथल्याच एका दुकानातून जुना घेतला, मऊ पिशवीसकट ३८० डॉलरला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत.

घेण्याचं कारण पाऊस. पायलट माउंटनला चढायला गेलो होतो, पण डोंगर ढगात. मुलं वैतागली म्हणून जवळच्या माउंट एअरी गावात शिरलो. अँडी ग्रिफिथ या नटाचं हे गाव. सगळी मेन स्ट्रीट त्याच्या जुन्या मालिकेच्या नावावर पोट भरते आणि पर्यटक जुन्या पोलीस गाडीतून फेऱ्या मारतात. आम्ही कोरडी जागा शोधत अर्ल थिएटरमध्ये घुसलो. शनिवार होता. डब्ल्यूपीएक्यू हे तिथलं १९४८ सालापासूनचं रेडिओ केंद्र, त्याचा कार्यक्रम तिथूनच थेट चालू होता. स्टेजवर एक फिडल (म्हणजे व्हायोलिनच), एक बँजो, बास. एकच चाल पुन्हा पुन्हा, दहा-बारा वेळा. कोणी पुढे येऊन ‘आता माझा सोलो’ करत नव्हतं. शेजारच्या आजोबांना विचारलं, हे काय वाजवतायत? ते म्हणाले, “टॉमी वाजवायचा तसं.” कोण टॉमी, हे सांगायची त्यांना गरज वाटली नाही.

टॉमी जॅरेल. जन्म १ मार्च १९०१, याच सरी काउंटीत, राउंड पीक नावाच्या वस्तीजवळ. सात-आठ वर्षांचा असताना शेतावरच्या गड्याकडून बँजो शिकला, मग फिडल. वडील बेन जॅरेल नावाजलेले फिडलर. १९२७ मध्ये गेनेट कंपनीनं त्यांच्या मंडळीची रेकॉर्डिंग केली, बँजोवर फ्रँक जेंकिन्स होते. मुलाचं मात्र असं काही झालं नाही. टॉमीनं जन्मभर राज्याच्या रस्ते खात्यात मोटर ग्रेडर चालवला. खडी सपाट करायची, हिवाळ्यात बर्फ ढकलायचा. १९६६ ला निवृत्त झाला आणि पुढच्याच वर्षी बायको गेली. आपल्याकडे अशा माणसाला लोक काशीयात्रेला धाडतात. टॉमीनं फिडल पुन्हा हातात धरलं आणि पासष्टी उलटल्यावर नाव कमावलं. १९६८ मध्ये त्याची तबकडी निघाली फ्रेड कॉकरम आणि ऑस्कर जेंकिन्स यांच्यासोबत. ऑस्कर म्हणजे त्या फ्रँक जेंकिन्सचा मुलगा. बापांनी १९२७ ला एकत्र वाजवलं, मुलांनी एकेचाळीस वर्षांनी.

माझं खरं ‘प्रॉडक्ट’ या तबकड्याच आहेत, बँजो हे फक्त यंत्र. सुरुवातीचे दोन महिने मी शहाण्यासारखं ॲप घेऊन आकड्यांवरून (कुठली तार, बोट कुठे) शिकले. बोटं जागेवर पडत होती आणि ऐकायला शिवणयंत्र. मग ॲप काढून टाकलं आणि ‘सॅली ॲन’ ही एकच चाल निम्म्या वेगावर लावून बसले. अडीच महिने तीच. नवरा म्हणायचा, या सॅलीचं एकदा लग्न लावून टाका.

निम्म्या वेगावर ऐकल्यावर कळतं की टॉमीची खरी करामत डाव्या हातात नाही. त्याचं गज ठोक्याच्या किंचित आधी पोचतं आणि मग तिथेच झोका घेतं, पाळण्याला पायानं रेटा द्यावा तसं. स्वर साधेच आहेत, चौथीतल्या मुलाला वाजवता येतील. झोका येत नाही. बँजोचंही तेच. इथल्या पद्धतीला क्लॉहॅमर म्हणतात. नखी वापरायची नाही. बोट वाकवून नखाच्या पाठीनं तार खाली मारायची, अंगठा पाचव्या तारेवर टेकलेला, हात उचलताना ती सुटते. भजनात टाळाचा एक मोठा ठोका आणि मागून दोन चटचट, तसा घाट. (तीन बोटांत नख्या घालून भराभर वाजवतात ते ब्लूग्रास, अर्ल स्क्रग्जचं. तेही याच राज्यातलं, पण ते घर वेगळं.)

दुसरी गोष्ट गंधाराची. मी लहानपणी चार वर्षं पेटी शिकले, तेवढंच माझं भांडवल. टॉमीबरोबर सूर जुळवायला बसले तर माझा गंधार दर वेळी खटकायचा. शुद्ध लावला तर उंच, कोमल लावला तर खाली. वाटलं रेकॉर्डिंग जुनं आहे, वेग घसरला असेल. शेवटी तो स्वर ट्यूनरवर धरला तर काटा दोघांच्या मध्ये उभा! राउंड पीकचे फिडलर तो तिथेच लावतात, जाणूनबुजून. पेटीवर जो स्वर नाही म्हणून आमच्या बाई हळहळायच्या, तो मला एका ग्रेडर चालवणाऱ्याकडे सापडला. फिडलच्या तारासुद्धा चालीप्रमाणे बदलून लावतात. ए-ई-ए-ई लावलं की सरळ सा-प-सा-प, मग रिकाम्या तारा तानपुऱ्यासारख्या मागे घुमत राहतात.

आता यंत्राच्या तक्रारी.

माझ्या बँजोच्या दांड्यावर सतारीसारखे धातूचे पडदे आहेत. टॉमी आणि फ्रेड कॉकरम बिनपडद्याचा वाजवायचे आणि त्यावर मींड निघते. त्यांच्यातलाच काइल क्रीड सुतारकाम जाणणारा, बँजो बनवायचा. बोट सरकायला गुळगुळीत हवं म्हणून तो पट्टीवर फॉर्मायका लावायचा. आपला सनमायका हो, ओट्याखालच्या कपाटाला लावतो तोच. माझ्या पडद्यांच्या कडा मात्र दांड्याबाहेर इतक्या आल्या होत्या की पहिल्या आठवड्यात तर्जनी कापली. लाकूड हिवाळ्यात आकसतं, तार-पडदे आकसत नाहीत. कानस मारून घेतली.

पाचव्या तारेची खुंटी हा या वाद्यातला सर्वांत भिकार भाग. साधी दाबावर धरणारी, जरा पिळली की घसरते. त्यात जी पट्टीतून ए मध्ये जायचं तर बाकी चार तारांना कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावता येतो, पाचवी मागे राहते. वर पिळली तर तुटते. दोन तोडल्यावर एकानं उपाय सांगितला : सातव्या पडद्यामागे एक बारीक खिळा ठोकायचा आणि तार त्याखाली अडकवायची. खिळा कुठला, तर खेळण्यातल्या आगगाडीच्या रुळांचा! खरंच तेच वापरतात इथे. बँजोच्या दुरुस्तीसाठी मी हॉबी शॉपमध्ये रूळ विभागात उभी होते.

उन्हाळ्यात इथली दमट हवा चिपळूणची आठवण करून देते. चामड्याचा पडदा असता तर रोज सैल पडला असता, प्लॅस्टिकचा निभावतो. आवाज मात्र अंगावर येतो. अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर मागच्या बाजूनं, कड्याच्या आतली आडवी दांडी आणि प्लॅस्टिकचा पडदा यांच्या मध्ये पायमोजा कोंबा. माझा मुलाचा फुटबॉलचा मोजा आहे, धुतलेला. नख हा वेगळा खर्च. माझी भांडी घासून घासून कागदी झालेली, महिन्यातून एकदा एकाच बोटाला ॲक्रिलिक लावून घेते. पार्लरमधल्या बाईनं आता विचारणं सोडलंय.

सहाव्या महिन्यात धीर करून जॅमला गेले. सगळे गोलात बसतात, सगळे एकच चाल धरतात, पंधरा-वीस आवर्तनं झाली की कोणीतरी पाय वर करतो आणि थांबतात. एकदा ए लावलं की तासभर ए, कारण पुन्हा तारा लावायचा कंटाळा. सहाव्या-सातव्या आवर्तनाला गजरासारखं काहीतरी होतं, चुकलेलं झाकलं जातं, आणि माणूस तिथे दर आठवड्याला परत येतो. पण टॉमीभक्तांचा त्रासही तिथेच कळला. “टॉमी इथे गज वर न्यायचा नाही”, असं मला बँजो वाजवताना ऐकावं लागलंय. एका डोंगरामागच्या दोन-चार घरांची ही पद्धत, आणि आज कुठेही ओल्ड-टाइम (या संगीताला तसंच म्हणतात) जॅमला बसा, निम्मी मंडळी तीच वाजवतात. शेजारच्या खोऱ्यांतल्या वेगळ्या धाटण्या त्यात दबल्या, असं माझं मत झालंय. दोष टॉमीचा नाही. त्यानं फक्त दार उघडं ठेवलं.

दार म्हणजे अक्षरशः. सत्तरच्या दशकात टोस्ट गावातल्या त्याच्या घरी देशभरातून पोरं यायची. दाढ्या वाढवलेली, विद्यापीठातली. तो त्यांना जेवू घालायचा, मुक्कामाला ठेवायचा, रात्र रात्र वाजवायचा. ॲलिस जेरार्ड, ब्रॅड लेफ्टविच, रायली बॉगस ही आज मोठी असलेली नावं त्या घरातून गेलेली. समाजशास्त्र शिकणारा बॅरी पॉस असाच ओढला गेला आणि त्यानं पुढे शुगर हिल ही रेकॉर्ड कंपनी काढली. १९८२ मध्ये टॉमीला राष्ट्रीय हेरिटेज फेलोशिप मिळाली, ती द्यायला लागले त्याच वर्षी. २८ जानेवारी १९८५ ला तो गेला. त्र्याऐंशी वर्षांच्या माणसाला अरे-तुरे करतेय, पण रोज संध्याकाळी घरात आवाज असला की असंच होतं.

एक गोष्ट मला उशिरा कळली आणि दुकानात कोणी सांगितली नाही. हे वाद्य गोऱ्या डोंगरकऱ्यांचं नव्हेच मुळात. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांनी ते घडवलं. सेनेगल-गांबियाकडच्या जोला लोकांचं अकोंटिंग अजून आहे : भोपळा, चामडं, अंगठ्याची आखूड तार, आणि नखानं खाली मारायची हीच रीत. आमच्यापासून तासाभराच्या आत मेबन गाव आहे. तिथले जो थॉम्पसन (१९१८–२०१२) हे कृष्णवर्णीय फिडलर. २००५ पासून तीन तरुण त्यांच्याकडे शिकायला जाऊ लागले आणि त्यातून कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स हा बँड झाला. त्यातल्या रियानन गिडन्सचा बँजो २०२४ मध्ये बियॉन्सेच्या गाण्यात वाजला, तेव्हा कुठे माझ्या मुलीला आईचं वाद्य जरा बरं वाटलं. टॉमीच्या घराचं मला जितकं अप्रूप, तितकंच आता मेबनच्या घराचं आहे.

घ्यावा का? तबला-पेटीची थोडी सवय असेल आणि रोज वीस मिनिटं तेच ते ऐकायची घरच्यांची तयारी असेल तर घ्या. झटपट गाणी वाजवायची असतील तर युकुलेली घ्या. जुना घेणार असाल तर दांड्याच्या कडेवरून अंगठा फिरवून बघा आणि पाचवी खुंटी दुकानातच पिळून बघा. आकड्यांच्या पुस्तकावर पैसे घालू नका.

गेल्या महिन्यात मामाला ‘सॅली ॲन’ पूर्ण वेगात ऐकवली. त्यानं तिकडून बुलबुलतरंग काढला, वीस वर्षांत हात लावला नव्हता, आणि दोन मिनिटांत चाल उचलली. गंधार मात्र त्याचा शुद्धच. बटणाला दुसरा पर्याय नाही ना.

गिअरची खुंटी मागवली आहे. ती येईपर्यंत खुंटीच्या भोकात कागदाचा कपटा घालून काम चालवतेय.