जुन्या विनोदी कॉमिक्सची पुनर्मुद्रणे : 'टिंकल', 'मॅड' की 'चाचा चौधरी'?

नागपुरात मे महिन्यातली दुपार कूलरसमोरच काढावी लागते, आणि म्हणून सुट्ट्या जवळ आल्या की ओळखीचे पालक मला विचारू लागतात की मुलांसाठी जुन्या विनोदी कॉमिक्सची पुनर्मुद्रणे घ्यायची, तर कोणती घ्यावीत. चित्रे आणि विनोद तिन्हींकडे चांगलेच आहेत. मूळ अंकात वाचकाने स्वतः करण्यासारखे जे काही ठेवले होते, ते फेरछपाईनंतर कितपत शिल्लक राहिले आहे, ही माझी कसोटी आहे.

अनंत पै यांनी १९८० साली सुरू केलेल्या 'टिंकल'मध्ये वाचकाचा हात थेट गोष्टीपर्यंत पोहोचतो. वाचकांनी पाठवलेल्या गोष्टींच्या तेथे चित्रकथा होत. सुपंडी हे पात्रही तसेच आले : तिरुचिरापल्लीच्या एका वाचकाने तमिळ लोककथांतल्या भोळ्या नोकराच्या गोष्टी लिहून पाठवल्या, राम वाईरकर यांनी त्याला रूप दिले आणि १९८३ मध्ये तो अंकात अवतरला. जुन्या मजकुरातून निवडून केलेल्या डायजेस्टमध्ये मूळ अंकातल्या स्पर्धांना आता अर्थ उरत नाही, कारण त्यांची मुदत केव्हाच संपलेली असते. पण वाचकाच्या पत्रातून जन्मलेली गोष्ट मात्र पूर्वीइतकीच ताजी राहते. नागपूरच्या बर्डी भागात रस्त्याकडेला घेतलेल्या एका जुन्या अंकात शब्दकोडे पेन्सिलीने निम्मे सोडवलेले होते आणि एका चौकटीत खोडरबराने कागद पार विरला होता. माझ्या भाचीने उरलेले निम्मे पूर्ण केले, आणि कोऱ्या डायजेस्टपेक्षा तिला तोच अंक अधिक आवडतो.

'मॅड'च्या बाबतीत निवड अधिक जपून करावी लागते. हे अमेरिकी प्रकाशन १९५२ मध्ये हार्वे कर्ट्झमन यांच्या संपादनाखाली कॉमिक म्हणून निघाले आणि १९५५ मध्ये त्याचे मासिकात रूपांतर झाले. त्यातली वाचकाला सामील करून घेणारी सर्वांत नामी कल्पना म्हणजे ॲल जॅफी यांनी १९६४ मध्ये आणलेले घडीचे चित्र. मागच्या मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला एक मोठे चित्र आणि वर एक प्रश्न असे. कागदाला घडी घालून 'ए' ही खूण 'बी'ला भिडवली की मधला भाग झाकला जाऊन उरलेल्या दोन कडांतून वेगळेच चित्र तयार होई, आणि खालच्या ओळीतली अक्षरे जुळून प्रश्नाचे उत्तर मिळे. जॅफी हे काम २०२० पर्यंत करत राहिले. २०११ मध्ये १९६४ ते २०१० या काळातल्या घडीचित्रांचा चार खंडांचा संच निघाला आणि त्यात घडी घातल्यानंतर दिसणारे चित्रही सोबत छापलेले आहे. संग्रह म्हणून तो मोलाचा आहे, परंतु मुलासाठी मी तो घेणार नाही, कारण बोटांनी शोधायचे उत्तर तेथे डोळ्यांसमोर आयतेच मांडलेले असते. २०१९ पासून हे मासिक मुख्यतः जुनाच मजकूर नव्या मुखपृष्ठासह छापते. त्याचा सुटा अंक मिळाला तर तो घ्यावा. मात्र अमेरिकी राजकारण आणि जाहिरातींवरचा विनोद चौदा-पंधरा वर्षांच्या आतल्या मुलाला समजावून सांगावा लागतो आणि समजावलेल्या विनोदात हसू राहत नाही.

व्यंगचित्रकार प्राण यांचा 'चाचा चौधरी' १९७१ पासूनचा. त्याच्या डायजेस्टमध्ये हसण्यापलीकडे वाचकाकडून फारशी अपेक्षा नसते. हिंदी कानावर पडतच वाढणाऱ्या नागपूरच्या मुलाला तो कोणाच्या मदतीशिवाय वाचता येतो. रेल्वेच्या प्रवासासाठी मी तोच सुचवतो.

आठ ते बारा वर्षांच्या मुलासाठी 'टिंकल' घ्यावे, आणि शक्य असल्यास एका डायजेस्टसोबत एक-दोन जुने मूळ अंकही घ्यावेत. इंग्रजी सराईतपणे वाचणाऱ्या मोठ्या मुलासाठी 'मॅड'चा सुटा अंक योग्य ठरेल. तो वापरलेला असेल तर पैसे देण्यापूर्वी मागचे मुखपृष्ठ उघडून पाहावे : घडीच्या रेषेवर शाई उडून पांढरी चीर पडलेली असली तरी चालेल, पण ते पान फाटून गेलेले नसावे.