जुन्या संगीतपटांसाठी व्हीएचएस: एक पावसाळा, एक उन्हाळा वापरल्यावर

गेल्या पावसाळ्यात औरंगाबादला जाफरगेटच्या रविवारच्या बाजारात चार हेडचा (हेड म्हणजे टेप वाचणारा भाग), हाय-फाय स्टिरिओ व्हीसीआर, म्हणजे व्हीएचएस व्हिडिओ कॅसेट चालवणारं मशीन, मिळाला. तो जालन्याला आणला, मशीन दुरुस्त करणाऱ्या चाचांकडून रबरी पट्टे बदलून घेतले आणि तेव्हापासून गाण्यानाचाचे जुने पिक्चर कॅसेटवर जमवतोय, हिंदी आणि हॉलिवूडचे दोन्ही.

व्हीएचएसवर चित्राचा तपशील जेमतेम 240 रेषांचा. मोठ्या एलईडीवर ते बघवत नाही. तीच कॅसेट पिक्चर ट्यूबच्या 21 इंची टीव्हीवर लावा, चित्र भरून येतं. व्हीसीडी, म्हणजे पिक्चरच्या सीडीही मी बक्कळ पाहिल्या आहेत. तिथे सेकंदाला 1150 किलोबिटमध्ये सगळं चित्र कोंबलेलं असतं, त्यामुळे घुंगरांची लय वाढली की पायांच्या जागी नुसते चौकोन दिसतात. टेपवर चित्र मऊ असतं, पण पाय सलग हलतात. नाचासाठी मी टेपच घेईन.

मात्र पिक्चर कोणत्या काळातला, हे बघून घ्या. ‘सिंगिंग इन द रेन’ 1952 चा, जवळपास चौकोनी चौकटीतला. टीव्हीवर नाचणारा डोक्यापासून पायापर्यंत दिसतो. 1953 मध्ये सिनेमास्कोप आला आणि पडदा रुंद झाला. असा रुंद पिक्चर कापून टीव्हीच्या मापात बसवला की निम्म्याच्या आसपास चित्र जातं. ‘सेव्हन ब्राइड्स फॉर सेव्हन ब्रदर्स’मध्ये सगळे भाऊ मिळून नाचतात, आणि माझ्या कॅसेटवर कडेचे दोघे-तिघे सारखे गायब! जीव हळहळतो. आपल्याकडे पहिला सिनेमास्कोप ‘कागज के फूल’, 1959 चा. त्याआधीच्या हिंदी पिक्चरना ही अडचणच नाही.

आता आवाज. साध्या व्हीसीआरमध्ये आवाज टेपच्या कडेच्या पट्टीवर असतो आणि टेप सरकते सेकंदाला सुमारे 2.3 सेंटिमीटर, म्हणजे गाण्याच्या कॅसेटच्या निम्म्या वेगाने. सारंगी, व्हायोलिन सगळं घोंगडीखालून आल्यासारखं वाटतं. हाय-फायमध्ये मशीनच्या आतल्या फिरत्या ड्रमवरची हेडच आवाज लिहितात आणि वाचतात. फरक पहिल्या आलापातच कळतो. संगीतपट जमवायचे असतील तर हाय-फायशिवायचं मशीन फुकट मिळालं तरी घेऊ नका.

एक गोष्ट मात्र हाय-फायनेही सुटत नाही. फिल्म सेकंदाला 24 चौकटींची, आपली टीव्हीची पाल पद्धत 25 ची. त्यामुळे पिक्चर चार टक्के जलद पळतो. ‘द साउंड ऑफ म्युझिक’ 174 मिनिटांचा, पाल टेपवर तो एकही सीन न कापता 167 मिनिटांत संपतो. वेळेचं सोडा, सूरही चढतो, पुरा अर्धा स्वर नाही, तर त्याच्या जवळजवळ पाऊण भाग वर जातो: मूळ काळी एकमधलं गाणं पेटीवर ना काळी एकला बसतं, ना पांढरी दोनला, दोन्हींच्या मध्ये लटकतं. पेटी घेऊन साथ करणाऱ्याला हे फार खुपतं. नुसतं ऐकणाऱ्याला कदाचित जाणवणारही नाही.

मराठवाड्याच्या हवेबद्दल. कोरडी हवा टेपला मानवते, पण पत्र्याच्या खोलीत मे महिन्याची 42 अंशांची आच मानवत नाही. मी कॅसेट पूर्ण रिवाइंड करून, खालच्या खोलीत लोखंडी कपाटात उभ्या ठेवतो. पावसाळ्यात बुरशी धरते. चाचा म्हणतात, “पहले खिडकी देखो, फिर दाम पूछो.” कॅसेटच्या खिडकीतून रिळाच्या कडेवर पांढरे ठिपके दिसले तर ती मशीनमध्ये घालूच नका, बुरशी ड्रमला लागते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटवरही जाते.

लाइट जाणं हा दुसरा वैताग. चालू असताना गेली की टेप ड्रमभोवती तशीच गुंडाळलेली राहते. कॅसेट ओढू नका. लाइट आल्यावर मशीन टेप आपोआप परत कॅसेटमध्ये घेतं. स्टॅबिलायझर लावाच. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या कंपनीनेही 2016 मध्ये काम थांबवलं, त्यामुळे सुटे भाग आता जुन्या मशीनमधूनच काढावे लागतात. मी भंगारातून एक बंद मशीन त्यासाठीच आणून ठेवलंय. पिंच रोलर, म्हणजे टेप पुढे सरकवणारा रबरी रोलर, त्यातलाच वापरतोय.