उड्या उत्तम, पण बाहेरची वाट अरुंद : एका ट्रॅम्पोलिन केंद्राचा अनुभव

भाचीच्या मुलाच्या सातव्या वाढदिवसानिमित्त आमच्या शहराच्या औद्योगिक वसाहतीलगत सुरू झालेल्या एका ट्रॅम्पोलिन केंद्रात जाण्याचा योग आला. माझा व्यवसाय बांधकाम परवानग्यांच्या फायली तयार करण्याचा असल्याने अशा ठिकाणी पाऊल टाकताच नजर आधी दारांकडे आणि छताकडे जाते, भाचीला ही सवय माहीत असल्यामुळे तिने गाडीतच बजावले होते, "मामा, आज तरी टेप काढू नकोस." टेप त्या दिवशी काढली नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो तेव्हा मात्र काढली, आणि हे परीक्षण मुख्यतः त्या दोन्ही भेटींवर आधारलेले आहे. केंद्राचे नाव मुद्दाम देत नाही, कारण गोदामाच्या शेडमध्ये थाटलेल्या कोणत्याही क्रीडा-मनोरंजन केंद्राला हेच प्रश्न विचारावे लागतील.

आधी चांगले ते सांगतो. खेळाची व्यवस्था खरोखर नेटकी आहे. ट्रॅम्पोलिनच्या चौकटींवरील गाद्या घट्ट बांधलेल्या होत्या, स्प्रिंगची एकही कड उघडी दिसली नाही, एका चौकोनात एकच मूल हा नियम मुले मोडत होती आणि शिट्टी घेतलेला कर्मचारी न कंटाळता पुन्हा पुन्हा पाळायला लावत होता. तासागणिक मनगटपट्टीचा रंग बदलत असल्यामुळे एका वेळी आत किती जण आहेत याचा हिशोब राहतो. लहान मुलांसाठी वेगळे जाळीदार दालन आहे. स्वच्छतागृहे स्वच्छ आहेत, पिण्याचे पाणी विनामूल्य आहे, आणि पकड असलेले मोजे सक्तीने विकत घ्यायला लावतात याबद्दल पालक कुरकुरत असले तरी ती सक्ती मला योग्यच वाटली.

आता शेडविषयी. ट्रॅम्पोलिनला उंच छत आणि मधे खांब नसलेली मोठी जागा लागते. अशी जागा बाजारपेठेतल्या इमारतीत मिळत नाही, मिळाली तरी भाडे परवडत नाही. म्हणून देशभर ही केंद्रे गोदामांत आणि बंद पडलेल्या कारखान्यांच्या शेडमध्ये उभी राहतात. यात गैर काही नाही, फक्त त्या वास्तूचा वापर बदलतो आणि तो कागदावरही बदलावा लागतो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये 'विकास' या शब्दाच्या व्याख्येतच वापरातील लक्षणीय बदल समाविष्ट आहे. म्हणजे एक वीटही न लावता गोदामाचे क्रीडागृह केले, तरी परवानगी लागते. स्वागतकक्षाच्या भिंतीवर काचेत लावलेल्या कागदांत जीएसटी नोंदणी, दुकाने नोंदणी, अन्न परवाना आणि भोगवटापत्राची, म्हणजे इमारत कोणत्या कामासाठी वापरायची परवानगी आहे हे सांगणाऱ्या दाखल्याची, छायाप्रत होती. भोगवटापत्रावर वापराच्या रकान्यात एकच शब्द होता : गोदाम.

हा शब्द किती महत्त्वाचा आहे, हे राष्ट्रीय इमारत संहितेतल्या, म्हणजे इमारतींच्या बांधकाम व सुरक्षेसाठीच्या देशपातळीवरील नियमावलीतल्या, आकड्यांवरून कळते. गोदामात किती माणसे असतील याचा अंदाज बांधताना संहिता दर ३० चौरस मीटरला एक माणूस धरते. आसनांची सोय नसलेल्या, जमावाच्या जागेत दर दीड चौरस मीटरला एक. ही शेड माझ्या अंदाजाने बाराशे चौरस मीटरची आहे. गोदाम म्हणून तिथे चाळीस हमाल व कारकून अपेक्षित होते आणि दारे त्या चाळिसांच्या हिशोबाने ठेवलेली आहेत. शनिवारी संध्याकाळी मी मोजली तेव्हा मुले, पालक आणि कर्मचारी मिळून दीडशेच्या वर माणसे होती. चाळिसांसाठी पुरेशी असलेली दारे दीडशेंना पुरतील का, हे कोणीतरी हिशोब करून सांगायला हवे होते, आणि वापरबदलाची फाईल दाखल झाली असती तर ते सांगणे कोणावर तरी बंधनकारक झाले असते.

त्या शेडला दारे दोन आहेत. पुढचे काचेचे, दोन फळ्यांचे; त्यातली एक फळी वर-खाली कड्या लावून कायम बंद ठेवलेली, कारण उघडली तर वातानुकूलन वाया जाते. उघडी फळी टेपने ९५ सेंटिमीटर भरली. जमावाच्या इमारतींसाठी संहिता बाहेर पडण्याचे दार किमान दोन मीटर रुंद आणि बाहेरच्या बाजूला उघडणारे मागते. हे दार आत उघडते. मागचे दार म्हणजे मूळ गोदामाचे लोखंडी शटर. त्यावर हिरवी 'निर्गमन' पाटी झगझगीत पेटलेली, आणि पाटीखाली शटरला पितळी कुलूप. किल्ली कुठे आहे असे विचारल्यावर अठरा-एकोणीस वर्षांचा कर्मचारी सरळपणे म्हणाला, "काका, मागचं दार कुणी वापरत नाही, म्हणून बंद असतं. किल्ली काउंटरच्या खणात आहे." काउंटर शेडच्या दुसऱ्या टोकाला आहे.

सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट मात्र वाढदिवसाचे दालन. स्वागतकक्षाच्या डोक्यावर लोखंडी सांगाडा उभारून त्यावर प्लायवूडचा पोटमाळा केला आहे. वर जायला एकच जिना, दोन मोठी माणसे शेजारून जाऊ शकणार नाहीत इतका अरुंद. आम्ही वर अठ्ठावीस मुले आणि वीसेक पालक होतो. जिन्याच्या खालच्या पोकळीत खाद्यकक्षाची गॅसची शेगडी आणि एकोणीस किलोचे दोन व्यावसायिक सिलिंडर होते. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाली तर तो जमिनीलगत सरकत सखल जागी साचतो, आणि इथे सखल जागा म्हणजे फोमच्या ठोकळ्यांनी भरलेला उडी मारण्याचा खड्डा. पॉलियुरेथेन फोम पेटला तर फार वेगाने पेटतो आणि त्याच्या धुरात विषारी वायू असतात. केक कापताना मी मेणबत्त्यांकडे पाहत होतो आणि भाची माझ्याकडे.

अग्निशामक नळकांडी जागोजागी होती, दाबमापकांचे काटे हिरव्या पट्ट्यात होते, आणि नळकांड्यांवरच्या चिठ्ठ्यांवरील तारखा चालू वर्षाच्याच होत्या. म्हणजे अग्निसुरक्षेवर कोणी खर्चच केला नाही असे म्हणता येणार नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक अभिकरणाचे (एजन्सीचे) प्रमाणपत्र दर जानेवारी व जुलै महिन्यांत सादर करावे लागते. व्यवसायात त्याला सगळे 'बी फॉर्म' म्हणतात. व्यवस्थापकांनी दुसऱ्या भेटीत जानेवारीचा बी फॉर्म दाखवला, आणि तो व्यवस्थित होता. अडचण अशी की बी फॉर्म बसवलेल्या यंत्रणेबद्दल बोलतो. नळकांडी चालतात हे तो सांगतो. दीडशे माणसे किती मिनिटांत बाहेर पडतील हे सांगत नाही.

ही चिंता अवाजवी वाटणाऱ्यांना दोन घटनांची आठवण करून देतो. २९ डिसेंबर २०१७ रोजी मुंबईत कमला मिलच्या आवारातील गच्चीवरच्या उपाहारगृहांना लागलेल्या आगीत १४ जण गेले आणि त्यांतले बरेच जण वाट न सापडल्याने स्वच्छतागृहात अडकले होते. २५ मे २०२४ रोजी राजकोटच्या टीआरपी गेम झोनमध्ये २७ जणांचा बळी गेला. पत्र्याची शेड, अग्निशमन विभागाचा ना हरकत दाखला नाही, चालू वेल्डिंगचे काम, आणि शनिवारच्या सवलतीच्या तिकिटामुळे झालेली गर्दी, असा तो सगळा प्रकार होता. कमला मिलमधली जागा तर मुळात वेगळ्याच कामाची होती.

व्यवस्थापकांबद्दल माझी तक्रार नाही, हे नोंदवतो. मी लेखी मुद्दे दिले तेव्हा त्यांनी ते टाळले नाहीत, उलट फाईल काढून समोर ठेवली आणि म्हणाले, "सर, तपासणीला आले होते. नळकांडी मोजली, वायरिंग बघितलं, सही केली. वापर बदलायचा असतो हे आम्हाला जागेच्या मालकांनीही सांगितलं नाही." यावर मी विश्वास ठेवतो, कारण भाडेकरार करताना मालक, दलाल आणि भाडेकरू या तिघांपैकी भोगवटापत्रातला वापराचा रकाना वाचणारा माणूस मला आजवर क्वचितच भेटला आहे. तिघेही भाडे आणि अनामत रक्कम मात्र दोनदा वाचतात.

त्यानंतर दीड महिन्याने फोटो काढायला पुन्हा डोकावलो. शटरच्या जागी बाहेर उघडणारे, आतून दांडा दाबताच सुटणारे पोलादी दार बसले आहे. पुढच्या दाराची दुसरी फळीही आता मोकळी असते. सिलिंडर बाहेरच्या भिंतीला जाळीच्या पिंजऱ्यात गेले आहेत. पोटमाळ्याला दुसरा जिना अजून नाही. त्यासाठी अंदाजपत्रक मागवल्याचे आणि वापरबदलाचा प्रस्ताव एका वास्तुविशारदाकडे दिल्याचे सांगण्यात आले. नव्या दारासमोर शीतपेयांचे सहा क्रेट रचलेले होते. मी काही बोलण्याआधीच व्यवस्थापकांनी ते स्वतः उचलून बाजूला ठेवले.

खेळासाठी पाचपैकी साडेचार, इमारतीसाठी अडीच. जायचे असेल तर सकाळच्या सत्रात जा, वाढदिवसासाठी खालच्या मजल्यावरची टेबले मागा, आणि मुलांना मोजे चढवून होईपर्यंत मागच्या दाराकडे एक फेरी मारून या.