काठाच्या ताटांसाठी स्टीलची मांडणी: वर्षभर वापरून

हल्ली नवीन फ्लॅट बघायला गेलं की ओट्याखालच्या ट्रॉल्या कौतुकाने ओढून दाखवतात. भिंतीवर भांड्यांची मांडणी मात्र कुठेच दिसत नाही. माझं मत उलट आहे. ज्या घरात भांडी हाताने घासली जातात आणि जेवायला स्टीलची ताटं-वाट्या असतात, तिथे मांडणीसारखी सोय दुसरी नाही. आमच्याकडे मावशी सकाळी भांडी घासून जातात. ती ओलीच ट्रॉलीत गेली की खाली पाणी साचायचं, कुबट वास यायचा आणि झुरळांचं फावायचं. जुन्या ट्रॉलीच्या जाळ्या लोखंडी तारेच्या, वरून चकचकीत मुलामा दिलेल्या होत्या. मुलामा सुटला तिथून गंज धरला आणि त्याचे डाग वाट्यांच्या बुडांना लागायला लागले. स्वयंपाकघर नवीन करायचं ठरलं तेव्हा मी आधी मांडणीची जागा पक्की केली, बाकीचं मग.

घेतली पुण्यात, रविवार पेठेतल्या बोहरी आळीत. तुळशीबागेतही मांडण्या मिळतात, पण बोहरी आळीत मापं जास्त आणि माल उघडा टांगलेला असतो, म्हणजे हात लावून बघता येतं. आमची ३० बाय ३६ इंची आहे. वर डब्यांसाठी फळी, मधे ताटांचा कप्पा, त्याखाली वाट्या आणि पेले, एका बाजूला कपांचे हूक, पोळपाट-लाटण्याची खाच आणि शेवटी पळ्या-झारे अडकवायची दांडी.

कप्पे किती आहेत हे सगळेच मोजतात. ताटांच्या कप्प्यात दोन सळ्यांमधलं अंतर किती आहे हे मात्र कुणी बघत नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. चिनी मातीच्या किंवा काचेच्या प्लेटा उथळ असतात, त्यांना थोडी फट पुरते. आपल्या ताटाला चांगला उभा काठ असतो. आमटी वाटीबाहेर सांडली तरी ओघळत नाही ती त्या काठामुळे. ऑनलाइन दिसणारे बरेचसे स्टँड उथळ प्लेटांच्या हिशेबाने बनवलेले असतात. त्यांत काठाचं ताट घातलं की शेजारची खाच अडते, म्हणजे बारा खाचांच्या स्टँडमध्ये सहाच ताटं मावतात, तीही तिरकी. मी दुकानात जाताना घरातलं सगळ्यात खोल ताट पिशवीत घालून नेलं होतं. दुकानदार काकांनी ते हातात घेतलं, काठावर अंगठा फिरवला आणि समोर टांगलेल्या दोन मांडण्या सोडून आतून तिसरी काढली. म्हणाले, "ताई, हे ताट त्यांत अडकेल. यात बघा." ताट सरळ आत गेलं, शेजारचंही गेलं, काठ एकमेकांना न घासता दोन्ही ताटं उभी राहिली. गिऱ्हाइकाचं ताट बघून माल काढणारा दुकानदार मला तरी क्वचितच भेटलाय.

आता स्टीलबद्दल. मांडणी बहुतेक २०२ नाहीतर ३०४ या प्रतीच्या स्टीलची असते. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं, म्हणून ते स्वस्त पडतं आणि गंजायलाही लवकर लागतं. लोहचुंबक लावून बघा म्हणजे कळेल, असं बरेच जण सांगतात. त्याने या दोन्हींतला फरक कळत नाही, कारण चुंबक साधारणपणे दोन्हींना चिकटत नाही. चिकटलंच तर ते आणखी वेगळ्या, बिननिकेलच्या जातीचं स्टील असू शकतं. त्यामुळे प्रत बिलावर लिहून घ्यावी हे उत्तम. आमच्या बिलावर '३०४' असं स्वच्छ लिहिलेलं आहे. भाव २०२ च्या जवळजवळ दीडपट पडला, पण आमची मांडणी थेट सिंकच्या वर, कायम ओली राहणार, म्हणून मी तो दिला. पुण्याच्या हवेत कोरड्या भिंतीवर लावायची असेल तर २०२ चालेल. कोकणात मात्र तो विचार करू नये. आमच्या रत्नागिरीच्या घरी खाऱ्या हवेने २०२ च्या मांडणीचे सांधे थोड्याच पावसाळ्यांत तांबूस झाले.

आणि सांधेच बघायचे असतात. सळी आणि चौकट जिथे जोडलीय तिथल्या प्रत्येक टाक्यावरून बोट फिरवायचं. काळपट डाग राहिलेला असेल, टोक बोटाला लागत असेल, तर ती मांडणी परत टांगायला सांगायची. वेल्डिंगची काजळी नीट साफ केली नसेल तर गंज तिथूनच सुरू होतो आणि भांडी विसळून लावताना हातही कापतो. आमच्या मांडणीचे पुढचे टाके गुळगुळीत आहेत. मागचे, भिंतीकडचे, तितके नाहीत.

बसवणं हे दुकानदाराचं काम नसतं, आपलं असतं. जाड पत्र्याचं एक ताट अर्ध्या किलोच्या आसपास भरतं. डझनभर ताटं, वाट्या, पेले, वरचे भरलेले डबे असं सगळं मिळून भिंतीवर पंचवीस किलो सहज येतं. टाइल आणि गिलावा ओलांडून स्क्रू विटेत घुसला पाहिजे, म्हणून मांडणीबरोबर मिळालेले आखूड स्क्रू बाजूला ठेवून अडीच इंची आणायला लावले. टाइलला भोक पाडताना आधी ड्रिल मशीनचा हातोडीचा ठोका बंद ठेवून नुसतं फिरवायचं, नाहीतर टाइल तडकते. नळाच्या बरोबर वर भोक नको, भिंतीतून पाइप गेलेला असतो. नव्या इमारतींमध्ये हलक्या पांढऱ्या ब्लॉकच्या भिंती असतात, त्यांत स्क्रूचे साधे प्लग सैल पडतात. त्यांच्यासाठी वेगळे प्लग मिळतात, ते मागून घ्यावेत. भाड्याच्या घरात भोकं चालत नसतील तर पाय असलेली उभी मांडणी किंवा ओट्यावरचं साधं ताटाळं घ्या. ताटं उभी राहिली, खालून हवा खेळली, की काम झालं.

उंची ठरवताना मी सासूबाईंना उभं केलं. ताटांचा कप्पा त्यांच्या डोळ्यांसमोर आला पाहिजे, कारण दिवसातून सगळ्यात जास्त हात तिथे जातो. आता ताटं निथळून पाणी सरळ सिंकमध्ये पडतं, ओटा कोरडा राहतो, आणि ऐन पावसाळ्यातही वाट्यांना वास आला नाही. सासूबाई म्हणाल्या, "आता पुसायच्या फडक्याची कटकट गेली." त्यांच्या तोंडून एवढं ऐकायला मिळालं म्हणजे खूप.

गॅसजवळ मात्र मांडणी लावू नका. फोडणीची वाफ सळ्यांवर बसते, तिच्यावर धूळ चिकटते. सिंकवर असूनही आमच्या वरच्या फळीवर थोडा चिकटपणा येतोच. गरम पाणी आणि साबणाने निघतो. लोखंडी तारेची घासणी मात्र अजिबात नको, तिचे कण मागे राहून गंजतात आणि मग दोष स्टीलच्या माथी येतो.

कमी पडलं ते चमचाळं. डबीसारखं बसवलेलं आहे, पण बुडाला भोकं फारच बारीक, पाणी साचतं आणि चमच्यांच्या टोकांना पांढरे डाग पडतात. दुकानात जाऊन दाखवलं तर काकांनी कुरकुर न करता मोठ्या जाळीचं काढून दिलं, पैसे घेतले नाहीत. ते दांडीवर जरा हलतं, पण पाणी साचत नाही. परातीला आणि मोठ्या कढईला या मांडणीत जागाच नाही. त्यांच्यासाठी खालची एक ट्रॉली ठेवावी लागली.