फाओस्टॅट: कॉफी आणि केळी यांच्या निर्यातीची तुलना करण्यासाठी

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची फाओस्टॅट ही आकडेवारीची सेवा कोणालाही विनामूल्य वापरता येते, आणि एखाद्या पिकाचा व्यापार अनेक देशांत, अनेक दशकांच्या काळात कसा बदलत गेला हे पाहायचे असेल, तर माझ्या मते तिच्या तोडीचे दुसरे साधन नाही. १९६१ पासूनची वार्षिक निर्यात तिथे वजन आणि मूल्य अशा दोन्ही मापांत मिळते. दुकानांतील किरकोळ विक्रीचे आकडे मात्र तिथे नाहीत, त्यामुळे विक्री म्हणजे देशाबाहेर गेलेला माल असे धरूनच पुढे जावे लागते.

कॉफी आणि केळी ही जोडी मी मुद्दाम निवडली, कारण बाजारात दोन्हींची चाल अगदी वेगळी आहे. न भाजलेली कॉफी पोत्यांत महिनोन्‌महिने टिकते आणि तिचा भाव न्यूयॉर्क व लंडनच्या वायदेबाजारांवर हेलकावे खातो. केळी मात्र झाडावरून उतरवली की काही आठवड्यांत खपवावीच लागतात. ब्राझीलची कॉफी काढून पाहिली, की वजन आणि मूल्य हे दोन्ही रकाने शेजारी-शेजारी का हवेत ते लगेच पटते. जुलै १९७५ मध्ये पराना राज्यातील कॉफीचे मळे कडाक्याच्या हिमतुषाराने करपले. पुढे १९७७ पर्यंत ब्राझीलची निर्यात वजनाने बरीच घटली, पण भाव इतके चढले की डॉलरमधील कमाई दुपटीहून अधिक झाली. नुसते मूल्य पाहणाऱ्याला ते भरभराटीचे वर्ष वाटेल.

विएतनाम आणि कोलंबिया यांची तुलना याहून बोलकी आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला विएतनामची निर्यात जेमतेम काही हजार टन होती. १९८६ च्या आर्थिक सुधारणांनंतर मध्य पठारावर लागवड वाढत गेली आणि २००० मध्ये ही निर्यात सात लाख टनांच्या पुढे जाऊन कोलंबियाला वजनात मागे टाकून गेली. त्याच वर्षी डॉलरमध्ये मात्र कोलंबियाच पुढे होता, कारण विएतनामचा माल मुख्यतः रोबस्टा या स्वस्त जातीचा आणि कोलंबियाचा अरेबिका या महाग जातीचा. हा फरक समजायला तुम्हाला बाहेरची माहिती लागते, कारण फाओस्टॅटच्या तक्त्यात दोन्ही जाती ‘न भाजलेली कॉफी’ या एकाच नावाखाली येतात. ही मला तिची सर्वांत मोठी उणीव वाटते.

केळ्यांच्या बाबतीत इक्वाडोर कित्येक दशके पहिल्या क्रमांकाचा निर्यातदार आहे. भारत जगात सर्वाधिक केळी पिकवतो, जगाच्या एकूण उत्पादनाच्या सुमारे एक चतुर्थांश, पण त्यातील फार थोडी केळी परदेशी जातात. जळगाव किंवा सोलापूरच्या केळी उत्पादकाला आपले स्थान पाहायचे असेल, तर त्याने उत्पादनाचा तक्ताही उघडावा. केवळ निर्यातीचा आलेख पाहून भारत हा केळ्यांचा किरकोळ देश आहे असा समज होईल. शिजवून खाण्याची केळी वेगळ्या नावाखाली आहेत, हेही निवड करताना लक्षात ठेवावे.

काही ठिकाणी सावध राहावे लागते. निर्यातदारांच्या यादीत बेल्जियम वरच्या क्रमांकांत दिसतो, पण तिथे केळी पिकत नाहीत. अँटवर्प बंदरात उतरलेला माल पुढे पाठवला की तोही निर्यातीत मोजला जातो. १९९९ पर्यंतचे आकडे ‘बेल्जियम-लक्झेंबर्ग’ या जोडनावाखाली, तर इथिओपियाचे १९९२ पर्यंतचे आकडे एरिट्रियासह आहेत. त्यामुळे देशाचे नाव निवडून थेट आलेख काढला, तर तो मध्येच सुरू होतो आणि वाचणाऱ्याला वाटते की आधी व्यापारच नव्हता. प्रत्येक आकड्यापुढे तो अधिकृत आहे की अंदाजित, हे सांगणारे अक्षर असते. डाउनलोड करताना तो रकाना वगळू नये, ही माझी आग्रहाची सूचना आहे.

मूल्ये त्या त्या वर्षीच्या डॉलरमध्ये असतात, महागाई वजा केलेली नसते. त्यासाठी जागतिक बँकेचे १९६० पासूनचे वस्तूंचे भाव सोबत घ्यावेत. अरेबिका, रोबस्टा आणि केळी यांचे भाव त्यात वेगवेगळे आहेत, आणि तेही विनामूल्य आहेत.