तांबी, सुई की ऑपरेशन: बाळंतिणीनं काय निवडावं

आमच्याकडं लेक बाळंतपणाला माहेरी येते आणि सव्वा महिना झाला की सासरी जायची तयारी सुरू होते. पाळणा लांबवायचा की थांबवायचा, हे त्या गडबडीत कुणी तिला विचारत नाही. मग बाळ आठ महिन्यांचं असताना पुन्हा दिवस जातात. ‘अंगावर पाजतेय, पाळी आली नाही, मग कशाची भीती?’ हा भरवसा तीन अटींवरच खरा आहे: बाळ 6 महिन्यांच्या आतलं, वरचं काहीच नाही, आणि पाळी परत आलेली नाही. एक अट मोडली की तो संपला. म्हणून पोटुशी असताना सातव्या-आठव्या महिन्यातच ठरवून ठेवा.

दुसऱ्या खेपेला मी तांबी, म्हणजे गर्भपिशवीत ठेवायची कॉपर-टी, बसवली. त्याआधी सिस्टरनं ती माझ्या तळहातावर ठेवली. तुरीच्या शेंगेहून आखूड, टोकाला दोन बारीक दोरे. एवढ्याशा वस्तूला मी किती वर्षं घाबरले होते! ‘वर सरकते, काळजाला लागते’ असं आजी सांगायची. तसं होत नाही. पिशवीला छेद जाणं फार क्वचित घडतं. शिकलेल्या हातानं बसवून घ्यावी, एवढंच. 380 ए ही तांबी 10 वर्षं चालते, 375 ही 5 वर्षं. सरकारी दवाखान्यात मोफत. बाळंतपणानंतर 48 तासांच्या आत बसते, नाहीतर 6 आठवड्यांनी. लगेच बसवलेली निसटण्याचा संभव थोडा जास्त असतो, त्यामुळे दीड महिन्याची तपासणी चुकवू नका. दूध कमी होत नाही. काढली की लगेच दिवस राहू शकतात.

त्रास आहे तो पाळीचा. मला पहिले चार महिने अंगावरून जास्त गेलं, ओटीपोट दुखलं. लोहाच्या गोळ्या घेतल्या, मग बसलं. रक्त फारच कमी असेल तर तांबीआधी डॉक्टरांशी बोला. आणि हे कळकळीनं सांगते: तांबीनं जास्त जात असेल तर तांबी काढा, पिशवी नाही. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण 2019 मध्ये विधिमंडळापर्यंत गेलं होतं. तिशीतल्या बाईला ‘पिशवी काढून टाका, कटकट मिटेल’ असं कुणी म्हटलं, तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय हो म्हणू नका.

‘अंतरा’ ही पाळणा लांबवायची सुई दर 3 महिन्यांनी घ्यायची, पाजत असाल तर बाळ 6 आठवड्यांचं झाल्यावर. हीही सरकारीत मोफत. घरात कुणाला कळत नाही, हे कित्येकींना फार मोलाचं असतं. पाळी अनियमित होते, बहुतेकींची पुढं थांबतेही. रक्त आत साचत नाही. पण सुई बंद केल्यावर दिवस राहायला शेवटच्या सुईपासून 7 ते 10 महिने लागू शकतात. तोडीला जाणाऱ्या जोडप्याचे पाच-सहा महिने कारखान्यावर जातात, त्यात एक-दोन सुया येतात. कार्ड सोबत न्या, तिथल्या सरकारी दवाखान्यात दाखवा. जमणार नसेल तर तांबीच बरी.

पाळणा लांबवायला दंडात कातडीखाली बसवायची काडी 3 वर्षं चालते, पण सगळीकडं मिळत नाही. हार्मोनची तांबी पाळी कमी करते. खासगीत काही हजार रुपये पडतात. आधीच जास्त जाणाऱ्या आणि ऐपत असलेल्या बाईनं तिचा विचार जरूर करावा.

बाईचं नळ्या बंद करायचं ऑपरेशन बाळंतपणानंतर 7 दिवसांत किंवा 6 आठवड्यांनी होतं. आमच्याकडं बावीस-तेविशीत, दुसरा मुलगा झाला की लगेच उरकतात. माझं मत उलटं आहे. ते कायमचं, नळ्या पुन्हा जोडणं खर्चिक आणि बेभरवशाचं. एक मूल तरी वर्षावरचं हवं असा नियम आहे, पण मी म्हणेन धाकटंही चालू-बोलू द्या, तोवर तांबी ठेवा. निर्णय झाल्यावर सही तुमची लागते, नवऱ्याची नाही.

आणि नवऱ्याला नसबंदीबद्दल विचाराच. बिनटाक्याची, जागा बधिर करून पंधरा-वीस मिनिटांत होते, बाईच्या ऑपरेशनपेक्षा सोपी. ताकद जात नाही, रानातलं जड काम थोड्या दिवसांत पूर्ववत होतं. फक्त पुढचे 3 महिने निरोध वापरायचा आणि वीर्य तपासून खात्री करून घ्यायची. माझी तांबी निघाली ती आमच्या घरातल्या त्या तपासणीचा कागद हातात आल्यावर.