बांधणी सुबक, ‘लेखन-साहाय्य’ मात्र घेऊ नये

ताळगाव पठारावरील गोवा विद्यापीठात सादर करायच्या माझ्या प्रबंधाच्या पाच प्रती गेल्या महिन्यात पणजीतल्या एका दुकानातून बांधून घेतल्या. बांधणी उत्तम आहे: काळे रेक्झिन, घट्ट शिलाई, सोनेरी अक्षरे एका ओळीत. ‘लोकनाट्य’मधले जोडाक्षर एका प्रतीवर तुटलेले दाखवताच त्यांनी कुरकुर न करता पुठ्ठा बदलून दिला.

तक्रार आहे ती त्यांच्या ‘लेखन-साहाय्या’बद्दल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार इतरांच्या लिखाणाशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही; जागर या गोव्यातील रात्रभर चालणाऱ्या लोकनाट्यावरील माझ्या प्रकरणात ते १४ टक्के निघाले. संदर्भासह दिलेली अवतरणे या मोजणीतून वगळायची असतात, हे मी घाईत विसरले आणि टक्के ‘उतरवण्याचे’ काम त्यांच्यावर सोपवले. परत आलेल्या मजकुरात घुमट, म्हणजे गोव्याचे मातीचे तालवाद्य, वाजवणारे ‘गोल छप्पर वाजवणारे’ झाले होते आणि जागराची रात्र ‘निद्रानाशाची रात्र’. टक्के उतरले होते, हे मान्य करावे लागेल.

पैसे देताना दुकानदाराने विचारले, “मॅडम, पेपरही छापून देऊ. नाव पहिले हवे की तिसरे?” लेखकांच्या यादीतल्या पहिल्या नावाचा दर अर्थातच चढा. प्रबंधापूर्वी शोधनिबंध छापण्याची सक्ती आयोगाने २०२२ मध्येच काढून टाकली, तरी नेमणुकीच्या आणि बढतीच्या गुणांपायी या मालाला गिऱ्हाईक आहेच. नावांची गर्दी हा मुळात दोष नव्हे. भौतिकशास्त्रातल्या हिग्स या मूलकणाच्या वस्तुमानावरील २०१५ च्या निबंधाला ५,१५४ लेखक होते, आणि ३३ पैकी २४ पाने त्यांच्या नावांनी व संस्थांनीच व्यापली होती, पण ती माणसे त्या प्रयोगांत राबलेली होती. आता तर अनेक नियतकालिके कोणी नेमके काय केले हे १४ ठरीव भूमिकांमध्ये नोंदवायला लावतात. तिसऱ्या लेखकाची भूमिका काय दाखवणार, असे विचारल्यावर उत्तर आले, “ते आम्ही भरतो.” आणि लिहिणार कोण? त्याने हसून संगणकाकडे बोट केले. मजकुराची जबाबदारी कृत्रिम बुद्धिमत्तेचे यंत्र घेऊ शकत नाही, म्हणून २०२३ पासून मोठे प्रकाशक त्याला लेखक मानायला नकार देत आले आहेत. येथे त्या जबाबदारीसह नाव विकत घेणारा मात्र आपण काय लिहिले आहे हे छापून आल्यावरच वाचणार.

प्रती सांगितल्याप्रमाणे दोन दिवसांत मिळाल्या. गोल छपरांचे पुन्हा घुमट करायला माझा आख्खा रविवार गेला.